मास्तरांच्या तिकडचा रिवाज

दिगंबर मास्तरांनी मला फसवलं. जवळजवळ हातात आलेली शेळी त्यांनी घालवली.

मास्तर माझे बारामतीतले शेजारी. शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी नकाशात नसलेले देश तयार करतात. राक्षस, उडते घोडे असल्या कादंबऱ्या लिहितात. शुक्रवारी संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून सुट्टीचा बेत सांगतात, "उद्या एका जमातीला देव द्यायचाय. परवा डोंगरातल्या लोकांशी त्यांची सोयरीक जमवतो." बायको असती तर तिनं त्यांना किराणा आणायला पिटाळलं असतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

मी म्हणतो, "मास्तर, मला राजा करा की तिथला."

"राजे कुणीबी करतं, बापूराव. पाहुणा उठला की घरची माणसं काय म्हणत्यात, हे ठरलं की देश उभा राहतो. तलवारी मागनं येत्यात."

या देशाला ते 'आमच्या तिकडं' म्हणतात, आणि कुठंही म्हणतात. "आमच्या तिकडं उभ्यानं चहा पीत न्हाईत." एकदा टपरीवाल्यानं विचारलं, "मास्तर, तुमी मराठवाड्याकडचं का?"

"त्याच्याबी पलीकडं," मास्तर म्हणाले आणि बसायला स्टूल मागितलं.

मी शेळ्यांचा व्यापारी. दोन करडांवर सुरुवात केली, आज सणसरला गोठा आहे. आवडलेल्या जनावराकडं बघायचं नाही, हा माझा नियम. गेल्या रविवारी निमगाव केतकीला कोंडाबाईंच्या दारात गेलो. म्हातारीचे पाय चालत नव्हते, म्हणून शेळी विकायची होती. जुळी देणारी शेळी, कधीपासून माझ्या डोळ्यांत भरलेली. मास्तर सोबत होते. त्यांना म्हणे 'तिकडच्या' बाजाराचे रिवाज ठरवायचे होते.

दावं हातात धरून, पण शेळीकडं पाठ करून मी म्हणालो, "मावशी, वाळलीय पार. भाव बोला."

मास्तर शेळीपुढं उकिडवे बसले. "लई देखणी हाय. आमच्या तिकडं इकणाऱ्याचं आधी समदं ऐकून घेत्यात, मग भाव. सांगा मावशी, हिचं."

कोंडाबाईंनी शेळीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग बोलायला लागल्या. जन्मताच हिची आई मेली, बाटलीनं दूध पाजलं, वाकळेवर निजवलं. बोलता बोलता त्यांनी दावं माझ्या हातातून काढून घेतलं.

"न्हाय इकायची. च्या घ्या आन जावा."

परतीच्या वाटेवर गाडीत मी मास्तरांना सोडलं नाही. "कादंबरीत कुणालाबी बुडवा. माझा धंदा कशाला?"

मास्तर खिडकीतून ऊस बघत होते. तसंच बघत म्हणाले, "आमची ही गेल्यावर हिची शिलाई मशीन इकली मागं. दारावर आलेल्या घेणाऱ्यानं चाक फिरवलं, म्हणाला, आवाज करतीय. हिनं काय काय शिवलं ते मी सांगाय लागलो, तर म्हणाला, काका, भाव बोला. टेम्पोत टाकून गेला."

"मग?"

"मग काय. तिकडं आधी ऐकून घ्यायचा रिवाज घातला."

मी गाडी कडेला घेतली. "काय काय शिवलं?"

मास्तरांनी सांगितलं. गॅदरिंगचे झगे, गल्लीभरच्या उशा. माझ्या पोरीचा पहिला फ्रॉकही त्यात निघाला. ते मला ठाऊक नव्हतं. अंधार पडला तरी यादी संपेना.

शेळीचा राग गेलेला नाही. पण जाब मास्तरांना विचारून भागणार नाही. बारामतीत दारोदार जुन्या मशिनी घेत फिरणारा तो जो कोणी इसम असेल, त्यानं मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसावं आणि राहिलेलं सगळं ऐकून घ्यावं. माणूस बोलत असताना माल उचलून नेणं हा कुठला व्यवहार, ते त्यानं मला सांगावं.