चौदा गाड्यांची बैठक

माणूस हा समाजप्रिय प्राणी आहे. पण एकदा स्टिअरिंग हातात आलं की त्याला सख्खा भाऊसुद्धा शेजारी नकोसा होतो, हे शास्त्राने मान्य केलेलं सत्य आहे (कोणत्या शास्त्राने, याबाबत पत्रव्यवहार सुरू आहे). या दुर्गुणाचा नायनाट करण्यासाठी महानगरपालिकेने 'एकटा-चालक निवारण कक्ष' काढला, हे तिच्या दूरदृष्टीला शोभेसंच झालं.

कक्षात चौदा सदस्य होते आणि एक टपाल कारकून. चौदा सदस्य चौदा गाड्यांतून येत. कारकून बसने येई. त्यामुळे त्याला या विषयातलं काही कळत नाही, यावर सर्वांचं एकमत होतं.

वर्षभरात कक्षाने केलेल्या कामाने डोळे दिपावेत. तीन पाहणी दौरे (गाड्यांतून), एक घोषवाक्य स्पर्धा, सायकलच्या आकाराचे नऊशे पेपरवेट. शिवाय अध्यक्षांच्या गाडीत ड्रायव्हर असल्यामुळे ती 'सामूहिक वाहतूक' या सदरात टाकली गेली आणि कक्षातलं सहप्रवासाचं प्रमाण एका फटक्यात शून्यावरून सात टक्क्यांवर गेलं.

अडचण एकच होती, गाड्या लावायच्या कुठे? उपअभियंत्याने टेप लावून सिद्ध केलं की फाटकासमोरचा बसथांबा हलवला तर चार गाड्या आरामात मावतात. तसा ठराव झाला. तो कारकुनानेच तीन प्रतींत टाइप केला. थांबा दीड किलोमीटर पुढे गेला (नागरिकांना चालण्याची सवय लागेल, हा जादा लाभ).

कारकुनाची बायको दुपारपाळीला, आणि चार वर्षांची लेक पाळणाघरात. पाळणाघर साडेसहाला बंद होई. थांबा हलल्यापासून त्याला दोनदा उशीर झाला होता आणि पाळणाघराच्या बाईंनी सकाळीच तोंडावर सांगितलं होतं, "आज जर उशीर झाला ना, तर उद्यापासून दुसरी सोय बघा."

नेमकी त्याच दिवशी बैठक सहापर्यंत लांबली. विषय होता, 'शेजाऱ्याला गाडीत कसं घ्यावं'. बस केव्हाच गेली होती. वर्षभर पाकिटांवर पत्ते लिहून कारकुनाला सगळ्यांची घरं तोंडपाठ झाली होती. अकरा जण पाळणाघरावरूनच पुढे जात. तो फाटकाशी उभा राहिला आणि लाज गिळून त्याने हात वर केला.

सचिवांनी काच चार बोटं खाली घेतली. "अहो, तुम्ही अजून इथेच? बस चुकली वाटतं! कशी काय चुकते हो तुमची?" काच वर गेली. समन्वयक बाईंना वाटेत जरा काम होतं. उपअभियंता फोनवर सहप्रवासाचे फायदे सांगत होता, त्याला मधेच अडवणं बरं दिसलं नसतं. अध्यक्षांच्या ड्रायव्हरने माणुसकीने वेग कमी केला, तेव्हा मागून आवाज आला, "चल, चल."

चौदाही गाड्या गेल्या. रिकाम्या जागा पंचावन्न (आकडा अहवालात येईलच). शरमेने मान खाली गेली ती एकट्या कारकुनाची. घड्याळात सहा वीस झाले होते. तिकडे लेक बूट घालून, दप्तर मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसली असणार, हे त्याला उभ्याउभ्या दिसत होतं.

मग पंधरावी गाडी आली. ती कक्षाची नव्हती, तुमची होती. आठवत असेल, खांद्याला पिशवी अडकवलेला, रडवेल्या तोंडाचा माणूस? तुमचा वेग क्षणभर कमीही झाला होता. पण शेजारच्या सीटवर तुमचा डबा होता, आणि मागून येणारं कोणीतरी त्याला नेईल असं तुम्हाला अगदी मनापासून वाटलं. आरशात बघितलं असतंत तर कळलं असतं, मागून कोणीच येत नव्हतं.