डीच्या बाहेरून

मनुष्याचे शरीर पुढे पुढे जात असते आणि त्याचे कर्तृत्व मागे मागे सुधारत असते, हा सृष्टीचा नियम आहे. ज्याला आज मोजे घालायला खुर्ची लागते, तोच गृहस्थ शाळेत असताना वाऱ्यासारखा पळत होता, असे चौकशीअंती आढळून येते. (चौकशी त्याच्याकडेच करावी लागते. अन्य साक्षीदार सहसा मिळत नाहीत.) अशा गुणी माणसांना पुन्हा मैदानावर आणावे, या उदात्त हेतूने आमच्या प्रौढ हॉकी पुनरागमन मंडळाची स्थापना झाली. प्रस्तुत लेखक मंडळाचा सचिव असून पुढील मजकूर त्याने कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेला नाही. लिहितेवेळी त्याची पत्नी सरावाला गेलेली होती.

मंडळात प्रवेश मिळवणे सोपे नाही. पुनरागमन म्हटले की त्याआधी एकदा आगमन झालेले असले पाहिजे. म्हणून प्रत्येक उमेदवाराची तोंडी मुलाखत होते आणि त्याला पूर्वी मारलेल्या एका तरी गोलाचे सविस्तर वर्णन करावे लागते. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याचे तोंड उघडे असताना घाई करायची नाही, ही सवय त्यांना धंद्यामुळेच लागली आहे. आजवर एकही उमेदवार नापास झालेला नाही. विमा एजंट आणि भूगोलाचे सर हे एकाच शाळेचे विद्यार्थी. दोघांनीही एकाच अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, विजयी गोल केलेला आहे. सामना एक-शून्य असा जिंकला होता. मंडळाने दोन्ही गोल मान्य केले. (सभासदांत भेदभाव करणाऱ्या संस्था टिकत नाहीत.) जिज्ञासूंसाठी आकडेवारी देतो: शेवटच्या मिनिटात गोल केलेले सभासद, शंभर टक्के. तीन किंवा अधिक खेळाडूंना चकवून गोल केलेले, तेही शंभर टक्के. शाळेत असताना कधी ना कधी चकवले गेलेले, शून्य.

माझा स्वतःचा गोल आंतरशालेय स्पर्धेतला आहे. मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा मीटर केसभर आखूड भरला तरी मी त्याला सोडत नाही, त्यामुळे माझ्या गोलाचे अंतर लोक डोळे झाकून मान्य करतात. लग्न ठरत होते तेव्हा हे अंतर बारा पावले होते. मुलीच्या जन्मापर्यंत ते पंचवीस यार्डांच्या रेषेवर आले. मला बढती मिळाली त्या साली ते मैदानाच्या मधल्या रेषेवर पोहोचले आणि तिथे स्थिरावले. (आणखी मागे जाता आले असते, पण मग ऐकणारे शंका घेऊ लागतात.) सांगायला संकोच वाटतो, पण नोकरी खात्याची आहे, घर बायको चालवते आणि मुलगी आईवर गेली आहे. निखळ माझे म्हणावे असे या जगात काय ते एवढे एकच. तो गोल गेला तर माझ्याजवळ खात्याचे ओळखपत्र तेवढे उरते, आणि त्यावरचा फोटोही नीट आलेला नाही.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. हॉकीत एक मूलभूत गैरसोय आहे, ती ही की चेंडू खाली असतो. इतर खेळांत चेंडू उडून माणसाकडे येण्याचे सौजन्य दाखवतो. इथे माणसाला चेंडूपर्यंत वाकावे लागते आणि, शाळेत असताना ज्याचा कोणी विचारही केला नव्हता, परत सरळही व्हावे लागते. पहिल्या रविवारी विमा एजंट मैदानावर वाकले ते फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर सरळ झाले. डॉक्टरांनी माळ्यावरून काढलेले जुने बूट घातले होते. त्यांनी पहिला जोरदार फटका मारला तेव्हा बुटाचा तळवा चेंडूच्या दिशेने गेला, चेंडू जागेवरच राहिला. तरीही आम्ही खचलो नाही. नव्याचे नऊ दिवस सरले तरी माणसे येतच राहिली, कारण खेळ संपल्यावर मैदानाच्या कडेला बसून जुने गोल सांगण्याचा कार्यक्रम असे, आणि त्याला उपस्थिती पूर्ण असे.

यथावकाश संस्थेत एक रचनात्मक त्रुटी आढळून आली. आमच्याकडे गोल करणारे एकवीस जण होते आणि गोल अडवणारा एकही नव्हता. एवढे गोल झाले म्हणजे ते कुणावर तरी झाले असणारच; पण ती माणसे कुठे गेली हे कळत नव्हते. मुलाखतीला त्यांच्यापैकी कोणी आले नाही. एक रविवार भूगोलाच्या सरांना गोलमध्ये उभे करून पाहिले. त्यांनी येणाऱ्या चेंडूची दिशा अचूक ओळखली आणि ते विरुद्ध दिशेला गेले. मग तिथे एक रिकामे पिंप ठेवण्यात आले. पिंपाची कामगिरी सरांपेक्षा सरस ठरली, आणि ते हुद्दाही मागत नव्हते.

अशातच पाणीपुरवठा खात्याच्या संघाने आम्हाला सामन्याचे आव्हान दिले. मात्र गोलमध्ये माणूसच पाहिजे, पिंप चालणार नाही, अशी त्यांनी अट घातली. (पिंपांशी त्यांचा जुना संबंध असल्याने त्यांना बरोबर संशय आला असावा.) मी ही अडचण जेवताना घरी सांगितली.

“मी उभी राहते,” बायको म्हणाली.

“कुठे?”

“गोलमध्ये. शाळेच्या टीममध्ये गोलकीपर होते मी.”

माझा घास हातातच राहिला. “कधी बोलली नाहीस ते?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मी आठवून पाहिले. विचारण्याचा प्रसंग खरोखरच आला नव्हता, कारण हॉकीचा विषय निघाला की माझा गोल सुरू होई आणि तो संपेपर्यंत पाहुण्यांची जायची वेळ होई. बायकोच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. ती दारात सापडली असावी असा माझा अंदाज होता, आणि अंदाज पटण्यासारखा असल्याने चौकशीची गरज भासली नाही. ती चेंडू लागून मोडली होती, असे त्या दिवशी कळले.

रीतसर मुलाखत झाली. “वहिनी, तुम्ही मारलेला एखादा गोल सांगा,” डॉक्टर म्हणाले.

“मी कुठे मारले? मी अडवले.”

“बरं, किती अडवलेत?”

“अडवलेले कोण लक्षात ठेवतं, भाऊजी? सुटलेले सांगू का? ते सगळे आठवतात.”

मंडळ पेचात पडले. स्वतःला न जमलेल्या गोष्टी आठवणारी व्यक्ती मंडळात घ्यावी की नाही, याबाबत घटनेत काहीच तरतूद नव्हती. अखेर सामना तोंडावर आल्याने तिला तात्पुरते सभासदत्व देण्यात आले. “काखेत कळसा आणि गावाला वळसा!” डॉक्टर माझ्यावर उखडले. “घरात गोलकीपर ठेवून तुम्ही आम्हाला पिंपावर दिवस काढायला लावलेत, सचिव.”

रविवारी ती पायांना जाड पॅड बांधून गोलमध्ये उभी राहिली. विमा एजंटांचा फटका तिने पायाने अडवला, डॉक्टरांचा स्टिकने, आणि सरांचा चेंडू तिच्यापर्यंत आलाच नाही. “सर, समोरून हला! मला चेंडू दिसत नाहीये!” असे ती ओरडली, तेव्हा सर शाळकरी पोरासारखे बाजूला पळाले. घरी दूध उतू गेले तरी जिचा आवाज चढत नाही, ती ही बाई. मला तिचा फार अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. सचिव या नात्याने मी दोन्हींची इतिवृत्तात नोंद घेतली नाही.

तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, “सचिव, तुमचा तो गोल होऊन जाऊ द्या.” सगळ्यांनी आग्रह धरला. मी मधल्या रेषेवर चेंडू ठेवला, स्टिक उचलली आणि मारला. आणि काय सांगू, चेंडू गेला! सरळ, सपाट, वेगाने, जसा मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो अगदी तसाच गेला. बायको वाकून त्याच्याकडे बघत होती. चेंडू जवळ येताच तिने डावा पाय उचलला, दारात आलेल्या पाहुण्याला वाट द्यावी तशी बाजूला झाली आणि चेंडू आत जाऊ दिला. मागच्या फळीवर खाडकन आवाज झाला. टाळ्या पडल्या. विमा एजंटांनी मला मिठी मारली.

“वहिनी, सोडलात तो?” डॉक्टरांनी विचारले.

“हो. धरत नाहीत ना. बाहेरून होता.”

येथे नियम ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी (आणि आमच्या सर्व सभासदांसाठी) खुलासा करणे आवश्यक आहे. हॉकीत गोलसमोर सोळा-एक यार्डांचा एक अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात. चेंडू डीच्या आतून मारला तरच तो गोल. बाहेरून कोणी सोन्याच्या स्टिकने मारला तरी त्याला गोल म्हणत नाहीत. नुसता चेंडू पलीकडे गेला, एवढेच म्हणतात.

बायकोने तोंडावरची जाळी वर केली आणि साधेपणाने विचारले, “अहो, शाळेतला तो तुमचा गोल… तो कुठून मारला होता?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या नजरेत दया नव्हती, धास्ती होती. डॉक्टरांचा गोल मैदानाच्या कडेवरून होता, विमा एजंटांचा मधल्या रेषेवरून, आणि सरांचा तर वाऱ्याच्या मदतीने स्वतःच्याच गोलजवळून. डीच्या आतून म्हणावे तर इतकी वर्षे अंतर खोटे ठरते; बाहेरून म्हणावे तर गोलच उरत नाही. वजन-मापे खात्याच्या निरीक्षकावर आला तसा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

“त्या काळी,” मी म्हणालो, “डी मोठी असायची.”

मंडळाने सुटकेचा श्वास सोडला. “मोठीच असायची,” विमा एजंट म्हणाले. भूभाग कालांतराने आकुंचन पावतो, असा शास्त्रीय दुजोरा सरांनी दिला. तातडीची सभा तिथेच भरली आणि डी तिच्या मूळ आकारात पुनर्स्थापित करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. फक्की टाकून नवी डी आखण्यात आली. ती संपूर्ण मैदान व्यापून सायकल स्टँडपर्यंत गेली. (पुढील काळातील आठवणींसाठी थोडी जागा राखून ठेवली आहे.) मोजणी मी स्वतः, खात्याच्या प्रमाणित टेपने केली.

घरी परतताना मी बायकोला विचारले, “तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“लग्नाआधी सांगितलात तेव्हा बारा पावलांवर होतात तुम्ही. डीच्या आत. तेव्हा गोल होता तो. मला आवडला होता.” तिने पॅडची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “नंतर तुम्हीच मागे मागे गेलात.”

मला वाईट वाटले. बराच वेळ वाटत राहिले.

सामना पाणीपुरवठ्याच्या मैदानावर झाला, आणि तिथली डी त्यांनी कोत्या मनाने लहानच ठेवली होती. आमच्या खेळाडूंनी सवयीप्रमाणे लांबून फटके मारले. त्यांचा गोलकीपर कंटाळून गोलच्या खांबाला टेकून बसला. आमच्या बाजूला मात्र बायकोने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. तिचे पॅड पार चिखलाने माखले होते. शून्य-शून्य. आणि मग, ईश्वर कधी कधी चेष्टा करतो तसे, शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या पायाशी आला. त्यांचा गोलकीपर घाईने उठताना घसरून आडवा पडला होता. मी डीच्या आत होतो. समोर गोल रिकामा होता. डोळ्यांना मापाची सवय असल्याने अंतर ताबडतोब कळले: बारा पावले.

“अहो, मारा!” मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून बायकोचा आवाज आला. “मारा ना!”

मी मारणारच होतो. परंतु बारा पावलांवरून, रिकाम्या गोलमध्ये मारलेला गोल उद्या कोणाला सांगायचा, आणि कोणत्या तोंडाने? माझ्यासारख्या अनुभवी माणसाने एवढा विचार करणे साहजिक होते. मी चेंडू घेऊन मागे निघालो. डीच्या रेषेबाहेर आलो, पंचवीस यार्डांची रेषा ओलांडली आणि मधली रेषा अगदी हाताशी आली असताना पंचांनी शिट्टी वाजवली.

बायकोने वाकून पॅड सोडायला घेतले. पाणीपुरवठ्याच्या संघाने तिला सामना संपताच आपल्याकडे बोलावले आणि आता ती रविवारी त्यांच्याकडे जाते. आमच्याकडे पिंप पुन्हा रुजू झाले आहे. तो सामना आमच्या कडेच्या बैठकीत अलीकडे बराच रंगतो. शिट्टी जरा उशिरा वाजली असती तर काय झाले असते, याबद्दल सभासदांत दुमत नाही.

मंडळात अजून काही जागा शिल्लक आहेत. आपण इथपर्यंत हसत आला असाल, तर आपल्याजवळ एखादा जुना गोल नक्की असणार; तो घेऊन या. अंतराची काळजी नको, डी मोठी आहे. निघण्यापूर्वी फक्त एक करा. घरातल्या माणसांच्या हातांची बोटे एकदा नीट पाहून घ्या. एखादे वाकडे दिसले, तर ते दारात सापडले होते असे आपल्याला नेमके कोणी सांगितले होते, तेवढे आठवून पाहा.