उसना लांब्रोस

“उसना?” स्तमातियाबाई ओरडल्या. “उसना द्यायला माझा मुलगा म्हणजे काय शिडी आहे?”

मेलबर्नच्या ओकली या ग्रीक वस्तीतल्या स्वयंपाकघरात लांब्रोस काराव्हेलास अर्ध्या तासापासून एकच गोष्ट समजावत होता. मेलबर्नच्या ज्या क्लबात तो व्यावसायिक फुटबॉल खेळत होता, त्या क्लबानं त्याला जून ते सप्टेंबरच्या तिथल्या हिवाळ्यापुरतं होबार्टच्या क्लबाकडे खेळायला दिलं होतं. फुटबॉलमध्ये असं सर्रास चालतं. पण स्तमातियाबाईंना पटवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यापैकी काम. ग्रीकमध्ये स्तमाता म्हणजे थांब. घरात ओळीनं सहा मुली झाल्यावर त्यांच्या वडिलांनी सातवीचं नाव देवाला सूचना म्हणून ठेवलं होतं. देवानं ऐकलं आणि पुढचा मुलगा दिला. सातवीनं मात्र कधीच कुणाचं ऐकलं नाही.

“आई, तिथं मला रोज खेळायला मिळेल. इथं वर्षभरात तेवीस मिनिटं खेळलो.”

“आणि त्यात अकरा वेळा पडलास. मोजलंय मी.”

हे मात्र खरं होतं. लांब्रोस नावाप्रमाणेच लांब होता, आणि आघाडीला खेळणाऱ्याच्या पायात लागते ती जादूही त्याच्याकडे होती. वजन मात्र अडुसष्ट किलो. “प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू शिंकला तरी हा आडवा होतो,” असं प्रशिक्षक रॉस डंकली सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्याचा करार ऑक्टोबरमध्ये संपत होता. होबार्टला गोल केले तर नवा करार, नाही तर मामाच्या दुकानात फरशा दाखवायला उभं राहायचं. मामानं त्याच्या मापाचा ॲप्रनही शिवून ठेवला होता. लांब माणूस वरच्या फळीवरच्या फरशा काढायला बरा, असं त्याचं म्हणणं.

“बरं, उसना तर उसना,” शेवटी स्तमातियाबाई म्हणाल्या. “पण ज्या घरी राहणार, तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही.”

आणि त्यांनी परात काढली. रुखवतातली, तांब्याची, आतून कल्हई केलेली आणि बाहेरून चाळीस वर्षांच्या भट्टीनं काळी कुळकुळीत झालेली. तीत त्यांनी मॅकरोनी आणि खिम्याचा पास्तित्सिओ भाजला, वर दुधाच्या घट्ट सॉसचा बोटभर थर दिला आणि सगळं एका फडक्यात बांधलं.

होबार्टच्या विमानतळावर एक बीगल जातीची कुत्री लांब्रोसजवळ आली आणि शांतपणे खाली बसली. ती बसली म्हणजे काहीतरी सापडलं. होबार्ट ज्या बेटावर आहे तिथं बाहेरची फळं आणू देत नाहीत, हे लांब्रोसला ठाऊक होतं, म्हणून तो निर्धास्त होता.

“फडक्यात काय आहे, बाळा?” अधिकारीणबाईंनी विचारलं.

“मॅकरोनी.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

फडकं सोडलं. परातीच्या कडेला परसातली दोन पिवळीधमक लिंबं. त्याने तिथूनच घरी फोन लावला.

“आई, फळं आणायची नसतात म्हणून सांगितलं होतं ना!”

“फळं कुठं दिली? लिंबं दिली.”

होबार्टमध्ये नोरीन टिब्सबाईंच्या घरी त्याची सोय होती. बाई सत्तरीच्या, एकट्या. क्लबाची बाहेरगावची पोरं तीस वर्षं त्यांच्याच घरी राहत आली होती. पास्तित्सिओ त्यांना फार आवडला. परात रिकामी झाल्यावर त्यांनी तारेची घासणी घेतली आणि दुपारभर परात घासली. संध्याकाळी ती लांब्रोससमोर धरली तेव्हा तीत त्याचा चेहरा दिसत होता. चाळीस वर्षांचा काळा रंग गेला होता आणि आतली कल्हईही.

“आईनं कसली मळकी परात दिली होती रे तुला! आता बघ.”

परात घासली, ते एक वेळ परवडलं. पण ती रिकामी परत जाणार होती. ओकलीत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देणं म्हणजे भांडण उकरून काढणं. त्याच्या थोरल्या मावशीनं एका रिकाम्या वाडग्यापायी शेजारणीशी नऊ वर्षं अबोला धरला होता.

दर दुसऱ्या सोमवारी त्याला तपासणीसाठी मेलबर्नला यावं लागे. पहिल्याच सोमवारी घरी जाताना त्याने बेकरीतून सफरचंदाचा केक घेतला, वेष्टण फाडलं, कडा जरा कुस्करल्या आणि केक परातीत ठेवला. एवढंच केलं त्याने. पुढचं सगळं त्या केकमधून निघालं.

“ही माझी परात नव्हे,” स्तमातियाबाई म्हणाल्या.

“तुझीच आहे. घासलीय त्यांनी.”

“का?”

“आदरानं.”

त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

“दालचिनी कमी पडलीय. पण बाईच्या हाताला चव आहे. स्वतः केला?”

“स्वतः,” लांब्रोस म्हणाला. खोटं बोलायला एक शब्द पुरतो. निस्तरायला हिवाळा जातो.

कारण बाईनं केक दिला म्हटल्यावर त्याहून मोठं काहीतरी परत जायला हवं. परात पुन्हा भरली. या वेळी पालक आणि चीजची पाच पदरी पोळी. होबार्टला कुत्री पुन्हा बसली. लिंबं मोज्यांत होती.

नोरीनबाईंना या देवघेवीची काहीच कल्पना नव्हती. दुसऱ्यांदा परात आलेली पाहून त्यांचा चेहरा पडला.

“मी तुला उपाशी ठेवते असं वाटतं का रे तुझ्या आईला?”

“छे छे, तसं नाही.”

“मग हे कशाला? तीस वर्षं पोरं सांभाळतेय मी. आजवर एकही उपाशी उठला नाही.”

त्या रात्रीपासून नोरीनबाईंनी हात सैल सोडला. भाजलेलं मेंढीचं मांस, शिंपल्यांचं मसालेदार सारण भरून भाजलेली मोठी कचोरी, वर पाकात शिजवलेले कणकेचे गोळे. “घे अजून. तुझ्या आईला कळू दे.” तिकडे स्तमातियाबाई रोज रात्री व्हिडिओवर यायच्या. “ताट दाखव. माझी पोळी कुठाय? ती म्हातारी तुला माझं खाऊ देत नाही का?” म्हणजे दोन्ही ताटं संपवणं आलं. मित्रांना वाटावं म्हटलं, तर नोरीनबाई दारात उभ्या: “आईनं तुझ्यासाठी केलंय ते. तूच खायचं.”

मेलबर्नच्या क्लबाचा आहारतज्ज्ञ ग्रॅहम हा शिस्तीचा माणूस. उकडलेलं चिकन, भात आणि ब्रोकोली असा त्याचा तक्ता होता आणि तो त्याने लांब्रोसला पाठ करायला लावला होता. दुसऱ्या तपासणीला वजनाचा काटा साडेएकोणसत्तरवर गेला. तिसऱ्या तपासणीला एकाहत्तरवर.

“हे काय आहे?” ग्रॅहमनं काट्याकडे बोट दाखवलं.

“स्नायू असतील.”

“स्नायू असे हलत नाहीत. तक्ता पाळतोयस ना?”

“पाळतोय की.” इथंही खोटं. आता खोट्यांचीसुद्धा परात भरत चालली होती.

त्र्याहत्तर झाले तेव्हा ग्रॅहमनं काटा बदलून पाहिला. मग तो नुसतं लिहीत राहिला. काय लिहितो ते लांब्रोसला उलटं वाचता आलं: करार वाढवू नये. शेवटच्या सामन्याला डंकलीसाहेब स्वतः होबार्टला येऊन निर्णय घेणार होते. लांब्रोसनं तोवर तीन गोल केले होते, पण ते मेलबर्नच्या कुणी पाहिले नव्हते. काट्यावरचा आकडा मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

तो रडकुंडीला येऊन घरी गेला. “आई, पाया पडतो, आता काही करू नकोस. माझं करिअर बुडतंय.”

“अरे, करिअर म्हणजे काय, पोट भरण्याचाच उद्योग ना?” स्तमातियाबाई म्हणाल्या. “आणि हे बघ, बाईनं पाच केक पाठवले. एकदा समोरासमोर आभार मानायला हवेत. शेवटच्या सामन्याला मी येतेय. कृतीही लिहून घेईन. दालचिनीचंही सांगेन.”

लांब्रोसच्या तोंडचं पाणी पळालं. थंडी, पाऊस, वादळ, त्याने सगळी भीती घालून पाहिली. विमान फार हलतं म्हणाला. शेवटी नोरीनबाई आजारी आहेत असंही म्हणून पाहिलं. ती मात्र घोडचूक झाली.

“आजारी? अगं बाई! मग सूप घेऊनच येते.”

सामन्याच्या दिवशी बोचरं वारं सुटलं होतं. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता. लांब्रोसचं अर्धं लक्ष डंकलीसाहेबांकडे होतं आणि अर्धं लाकडी बाकांकडे. तिथं स्तमातियाबाई आणि नोरीनबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. मध्ये स्तमातियाबाईंनी भरून आणलेली परात, एव्हाना रिकामी. अजून दोघी हसत होत्या. म्हणजे केकचा विषय निघाला नव्हता.

सत्तराव्या मिनिटाला तो विषय निघाला. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपुढे लांब्रोस उभा होता. तेवढ्यात त्याला दिसलं की स्तमातियाबाईंनी वही काढली आहे. नोरीनबाईंनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग स्तमातियाबाईंचे दोन्ही हात वर गेले आणि तिथंच राहिले. लांब्रोस गोलकडे पाठ करून पुतळ्यासारखा थिजला. आता पळून काय उपयोग, आणि पळणार तरी कुठं?

त्याच क्षणी होबार्टच्या कुणीतरी चेंडू त्याच्या पायाशी धाडला. मागून त्या भागातला सगळ्यात धिप्पाड बचावपटू रेड्यासारखा धावत आला आणि लांब्रोसच्या पाठीवर आदळला. जूनमधला लांब्रोस असता तर कुंपणापार गेला असता. सप्टेंबरमधला लांब्रोस जागचा हलला नाही. धिप्पाड गृहस्थच मागच्या मागे बसले. लांब्रोसनं चमकून मागे पाहिलं, चेंडू पाहिला, मोकळा गोल पाहिला आणि मारला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा तो बाकांकडे पाहत उभा, कारण स्तमातियाबाई आता परातीचा तळ नोरीनबाईंच्या नाकापुढे नाचवत होत्या. पुन्हा दोघं जण त्याच्यावर आदळून पडले आणि पुन्हा गोल.

सामना संपल्यावर डंकलीसाहेब धावतच आले.

“चेंडू घेऊन असं पाय रोवून उभं राहायला मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवतोय. कुणाला जमत नाही. तू कसं जमवलंस?”

“मी आईकडे बघत होतो, साहेब.”

“बघत राहा. दोन वर्षांचा करार देतो. एकच अट, वजन एक ग्रॅमही कमी होता कामा नये. ग्रॅहमशी मी बोलतो. आणि तुला खाऊ घालणारा खरा आहारतज्ज्ञ कोण, त्याचा नंबर दे.”

लांब्रोसचे डोळे भरून आले. मामाचा ॲप्रन डोळ्यांपुढून एकदाचा गेला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. तो अर्धाच झाला असेल तोच बाकांकडून दोघी येताना दिसल्या. पुढे स्तमातियाबाई, मागे लख्ख परात घेऊन नोरीनबाई.

“बेकरीचे!” स्तमातियाबाई लांबूनच कडाडल्या. “पाचही केक बेकरीचे! आणि मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत फिरले!”

“आई, करार मिळाला.”

“मिळणारच होता. विषय बदलू नकोस.” त्या नोरीनबाईंकडे वळल्या. “ताई, तुमचा राग नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आमच्यात दुसऱ्याची वस्तू कधी रिकामी परत देत नाहीत. पाच वेळा परात भरून पाठवली. पाच वेळा तुम्ही ती रिकामी दिलीत. वर घासून.”

नोरीनबाई खाली बघत राहिल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. परातीवरून त्यांनी उगाच हात फिरवला. मग त्यांची नजर लांब्रोसच्या बुटांवरून वर चढत चढत त्याच्या खांद्यांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

“हा मुलगाही तुम्ही उसनाच दिला होता ना?”

“क्लबानं दिला होता. मी नव्हे.”

“कुणी का दिलेला असेना. आला तेव्हा अडुसष्ट किलो होता. आज पंचाहत्तर भरतो.” नोरीनबाईंनी लांब्रोसचा दंड धरून त्याला आईपुढे उभा केला. “घ्या. भरून परत देतेय.”

आणि मग, सहा बहिणींच्या पाठीवर थांब म्हणून नाव ठेवलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा थांबली. तिने मुलाकडे वरून खाली पाहिलं. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या अंगावर तीनदा थू थू केलं. नोरीनबाईंच्या हातातली रिकामी परात मुकाट्यानं घेतली आणि काखेत मारली. लांब्रोसला वाटलं, सुटलो.

“या सात किलोंतले चार माझे,” स्तमातियाबाई म्हणाल्या.

“काय सांगता! साडेपाच माझे आहेत,” नोरीनबाई म्हणाल्या.

दोघींनी एकदमच लांब्रोसकडे वळून पाहिलं. त्याने मैदानाकडे पाहिलं. मघाचा तो धिप्पाड बचावपटू एकटाच लंगडत बाहेर चालला होता, आणि लांब्रोसला त्याचा हेवा वाटला.