शंभरवरचा काटा

वेल्डरने सिलिंडर दुकानाच्या दारात असा आपटला, की आतल्या दोघा भावांनी एकदमच माना वर केल्या आणि लगेच विरुद्ध दिशांना फिरवल्या. पंख्याखालची खुर्ची कोणाची, यावरून दोघांत तीन महिने अबोला होता.

“कसलं मिश्रण भरता? जोडापेक्षा ठिणग्याच जास्त. उद्या जिन्याचा कठडा बसवायचाय. पुढचा सिलिंडर असाच निघाला, तर मी दुसरं दुकान धरतो.”

दुकानाचं निम्मं काम या एका माणसाचं होतं.

मिश्रणाची रीत साधी. थोरल्याने कार्बन डायऑक्साइड भरून दाबाचा काटा वीसवर आणायचा, त्यावर धाकट्याने ऐंशी आरगॉन भरायचा. कार्बन डायऑक्साइडचा वाटा वाढला की ठिणग्या उडतात, घटला की जोड कच्चा राहतो. धाकट्याने काटा ऐंशीवर येताच तोटी बंद केली होती.

“अहो भाऊजी,” गल्ल्यावरून वहिनी कडाडली, “आतला प्रत्येक वायू आपापला दाब देतो, काटा दोघांची बेरीज दाखवतो. तुमचे ऐंशी भरायचे, तर काटा शंभरवर जायला नको?”

“म्हणजे मी त्याचे वीस धरायचे?”

“सिलिंडरमध्ये तरी धरा.”

धाकट्याला चूक पटली. पण पटली हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तो नुसता धुमसत राहिला.

नवा सिलिंडर जोडताना थोरल्याने हिशेब केला. हा गाढव मेला तरी ऐंशीवरच थांबणार. मग आपण सोळाच भरू. वरचे चौसष्ट त्याचे, प्रमाण चोख. मनातल्या मनात शिव्या हासडत त्याने काटा सोळावर थांबवला. थोरल्याच्या कामाकडे ढुंकूनही न बघण्याचा नेम पाळत धाकट्याने आरगॉन सोडला आणि काटा बरोब्बर शंभरवर नेला.

दुसऱ्या दिवशी वेल्डरने सिलिंडर हळूच टेकवला. ते जास्त वाईट होतं.

“ठिणग्या गेल्या. जोडही गेला. कठडा हातात आला.”

थोरल्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा धाकट्याकडे पाहिलं. “ऐंशीवर का नाही थांबलास?”

“सुधारलो होतो.”

“मग सांगायचं ना.”

“कोणाला? आपला अबोला होता.”

वेल्डर वळला. वहिनीने गल्ला सोडला, पंख्याखालची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली आणि दोन्ही तोट्या स्वतःकडे घेतल्या. “बसा, दादा. या खेपेला दोन्ही मीच भरते.”

वेल्डर पाय पसरून बसला. पंखाही वाढवायला सांगितला. दोघे भाऊ दोन भिंतींना टेकून उभे.

थोरला पुटपुटला, “आपल्या खुर्चीत कसा बसलाय बघ.”

“आपल्याच,” धाकटा दात खात म्हणाला.