यांना मुलगा नाही का कुणी?

विद्यापीठाच्या नाट्यविभागात नाव घातल्यापासून पिपाणीला मिळालेली ही पहिलीच भूमिका. भूमिका डॉक्टरची, वाक्य एकच. "यांना मुलगा नाही का कुणी?" नाटकातला एकुलता एक मुलगा बापाशी भांडून घर सोडतो, बाप झुरून अंथरूण धरतो आणि डॉक्टरचं हे वाक्य कानांवर पडताच प्राण सोडतो. म्हणजे वाक्य एक असलं तरी बाप मरणार होता तो तिच्याच जिवावर! घरी तिनं ते वाक्य कळवळून, चिडून, कुजबुजून, भांडी विसळताना, केस विंचरताना इतक्यांदा म्हटलं, की शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कुणाला मुलगा नाही हो?"

आई विम्याच्या कचेरीत कामाला. तिला हे नाटकाचं शिक्षण पसंत नव्हतं. "तुझा प्रयोग बघते. नाही पटलं तर पुढच्या वर्षी मुकाट्यानं कॉमर्स," असं तिनं बजावलं होतं. मावशी मात्र भाचीच्या बाजूची. प्रयोगाच्या दिवशी तीच आईला ओढत घेऊन आली आणि दोघी पुढेच बसल्या. पांढरा कोट घालून विंगेत उभ्या असलेल्या पिपाणीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नाटक रंगलं. मुलाचं काम करणारा पहिलवान, अंगानं दारापेक्षा जेमतेम लहान, बापावर कडाडला, "या घराचा उंबरा मी पुन्हा चढणार नाही!" टाळी पडली. त्यानं तरातरा जाऊन दार ओढलं.

दार हललं नाही.

दुपारीच दिग्दर्शकाला ते फिकं वाटलं म्हणून त्याला नवा रंग फासला होता. तो वाळता वाळता दार चौकटीला घट्ट चिकटून बसलं होतं. पहिलवानानं पाय रोवून हिसडा दिला तशी कडी त्याच्या हातात आली, दार तिथंच. बापाचं काम करणाऱ्या मुलानं पाठ फिरवली होती. बराच वेळ दार आपटल्याचा आवाज येईना तेव्हा त्यानं वळून पाहिलं.

"अजून इथंच?"

"जातो ना! जातोच आहे!" पहिलवान घामाघूम झाला होता. शेवटी कडी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "उद्या जातो."

सभागृह हसून लोटपोट झालं. दिवे सांभाळणाऱ्या मुलीनं घाईनं अंधार केला. त्या खोलीला दुसरा रस्ता म्हणजे एक खिडकी. "खिडकीतून ये! लवकर!" दिग्दर्शक मागून ओरडला. पहिलवानानं डोकं घातलं, खांदे घातले आणि पोटाशी अडकला. तेवढ्यात उजेड झाला आणि ध्वनिमुद्रित आवाज घुमला, "वर्षं लोटली. म्हातारा एकटाच उरला."

खिडकीत पहिलवानाचे दोन पाय हलत होते.

बाप पलंगावर आडवा झाला होता, त्याला उठता येईना. पहिलवान कसाबसा मागं सरकला, धप्पकन आत पडला आणि काही सुचेना म्हणून बापाच्या उशाशी जाऊन बसला.

"आता मी काय करू?" पिपाणीनं विंगेत विचारलं.

"तू मावशील," दिग्दर्शक रडकुंडीला येऊन म्हणाला आणि त्यानं तिला खिडकीतून आत ढकललं.

बॅग सावरत डॉक्टरीणबाई खिडकीतून उतरल्या. पिपाणीनं बापाची नाडी धरली. तिचं वाक्य आलं होतं आणि मुलगा ढळढळीत समोर बसला होता. तिनं नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. आईची नजर तिच्यावर खिळलेली. तेवढ्यात मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "यांना मुलगा... म्हण ना गं!"

"यांना मुलगा नाही का कुणी?" पिपाणी म्हणाली.

पहिलवानानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी आहे ना."

सभागृह हशानं फुटलं. पिपाणीला कसला तरी जोर चढला. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही? बाप अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही नुसते बसलात? घोटभर पाणी तरी पाजलंत का?"

पहिलवान खरोखरच ओशाळला. त्यानं पेला बापाच्या ओठांना लावला. मरायच्या तयारीत मान टाकलेल्या बापापुढं पेच पडला. लेकाच्या हातचं पाणी पिऊन लगेच मरायचं कसं? तो हळूच उठून बसला.

"बरं वाटलं," तो म्हणाला.

टाळ्या थांबेचनात. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारून घेतला आणि मग तोही टाळ्या वाजवू लागला.

पिपाणी कोटासकट धावत बाहेर आली. आईनं बोळात पहिलवानाला अडवलं होतं. "धडधाकट मुलगा तू! वडिलांकडे लक्ष द्यायला काय होतं?"

"काकू, मी जाणारच होतो घरातून. दार अडकलं."

"म्हणजे दार उघडलं असतं तर गेला असतास?" आईचा आवाज चढला. मग ती केसांत पावडर फासलेल्या बापाकडे वळली. "आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. औषध वेळेवर घ्या."

त्या एकोणीस वर्षांच्या बापानं खोकत मान डोलावली.

"ताई," मावशीनं आईची बाही ओढली, "अगं, मग कॉमर्सचं काय ठरलं?"

"थांब गं जरा," आई म्हणाली, "आधी या बापलेकांचं मिटू दे."