गरुडाच्या ताटातले काटे

एक काटा दाखवा, मासा सांगतो, असं छातीठोकपणे म्हणणारे काटेसाहेब बेटावर एकटेच होते. दुसरा असा माणूस तिथे हवा होता तरी कोणाला! समुद्रगरुड काय खातो हे शोधायचं त्यांचं काम. घरट्याच्या झाडाखाली पडलेले काटे नि खवले वेचायचे, धुवायचे, पाकिटात भरायचे. त्यावरूनच लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं. नेमणूक मात्र महिनाअखेरीस संपत होती आणि दाखवण्यासारखं हाताशी काहीच नव्हतं. गरुड बिचारा वर्षभर तेच ते मासे खात होता.

आणि एका सकाळी झाडाखाली चक्क गोड्या पाण्यातल्या माशाचे काटे सापडले. बेटावर ना नदी, ना तळं. म्हणजे हा पठ्ठ्या समुद्र ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जेवायला जातो! पुढचे आठ दिवस रोज तेच काटे. काटेसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तातडीने संस्थेच्या संचालकांना कळवलं आणि संचालक स्वतः बोटीने हजर झाले.

संचालक दिलखुलास माणूस. हसले की सोन्याचा दात चमकायचा. "हे खरं निघालं तर तुमची आणखी दोन वर्षं पक्की," ते म्हणाले.

दुपारी काटेसाहेबांच्या आत्याने दोघांना जेवायला वाढलं. आत्या पंधरा दिवसांपूर्वी राहायला आली होती, ती येताना बर्फाची पेटी भरून मासे घेऊनच. काटेसाहेब नेहमीप्रमाणे वहीत डोकं घालून जेवले. ताटात काय आहे हे बघायची त्यांना सवयच नव्हती. संचालक मात्र अर्ध्या जेवणातच गप्प झाले. तोंडावर हात धरून नुसती मान हलवायला लागले.

"जेवण आवडलं नाही का साहेब?"

"उं," संचालक म्हणाले.

जरा वेळाने दोघे झाडाखाली गेले. काटेसाहेब लगेच गुडघ्यांवर बसले. "बघा साहेब, ताजे काटे! आत्ताच जेवलाय. आणि हे काय चमकतंय? गरुड सोनंसुद्धा खातो की काय? साहेब, हे तर आजवर कुणालाच..."

संचालकांनी ती वस्तू त्यांच्या हातातून घेतली, रुमालाने पुसली आणि तोंडावरचा हात काढला. पुढच्या दातांत चांगलं खिंडार पडलेलं होतं.

"हा दात माझा आहे," ते म्हणाले.

एवढ्यात पातेलं घेऊन आत्या आली आणि गावच्या नदीतल्या माशांचे उरलेले काटे तिने झाडाखाली नीट ओतले.

"आत्या! इथे?"

"अरे, तूच ओरडलास ना, घरातले काटे माझ्या नमुन्यांत मिसळतात, लांब नेऊन टाक म्हणून? इथे आधीच ढीग दिसला. म्हटलं, बेटावरची काटे टाकायची जागा हीच असणार."

काटेसाहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संचालकांनी दात रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"तुमच्या अहवालात चूक काही नाही," ते म्हणाले. "फक्त पक्षी बदला. सहा महिने देतो. पहिल्यापासून वेचा, आणि जेवताना जरा ताटाकडे बघत जा."

काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र पातेलं घेऊन तिथेच उभी होती.

"ते सगळं ठीक आहे रे. पण रात्रीचे काटे मी टाकायचे कुठे?"

काटेसाहेबांनी खिशातून नमुन्यांचं पाकीट काढलं आणि मुकाट्याने तिच्यापुढे धरलं.