तिसऱ्या कडव्यापाशी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे. दप्तरात मावणारा नव्हे. पाठीमागून चांगला फुगलेला, शेजारी लोखंडी पेटी, दोघांनी मिळून उचलावा असा. आणि समजा, त्यात तुमच्या आजोबांचा आवाज आहे. आजोबा स्वतः आता अंगणात, विलायती फणसाच्या झाडाखाली, पांढऱ्या थडग्यात आहेत; पण आवाज घरात आहे. बटण दाबलं की ते गायला लागतात. पहिलं कडवं होतं, दुसरं होतं, तिसरं सुरू होतं आणि खट्! पडदा काळा. मग पेटी आपली आपणच घुरघुरते, दिवे लावते, आणि काही घडलंच नाही अशा थाटात पडद्यावर "सुस्वागतम" म्हणते.

आता डोळे उघडा, नाहीतर पुढची गोष्ट वाचणार कशी?

भर महासागरातल्या आमच्या माऊके बेटावर तेपाएरू आजींच्या घरी नेमकं हेच चाललं होतं. नूरोआ आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष झालं की थडग्यावरच्या नव्या दगडाचं कापड सगळ्या गोतावळ्यासमोर काढायचं, गायचं, मग पोटभर जेवायचं. तो समारंभ शनिवारी होता. मुलं, सुना, नातवंडं ऑकलंडहून विमानाने येणार होती, आणि आजींनी प्रत्येकाला फोनवर बजावून ठेवलं होतं, "या वेळी गाणं तुमचा बापच म्हणणार आहे."

गाणं आजोबांनी रचलेलं, चार कडव्यांचं. पण चौथं कडवं कुणालाच पाठ नव्हतं, कारण ओट्यावर बसून गाताना ते दर वेळी नवंच काहीतरी जोडायचे. खरं चौथं त्यांनी कॉम्प्युटरमध्ये गाऊन ठेवलं होतं. ते जिवंत असताना कुणी ऐकलं नाही. माणूस ओट्यावर फुकट गात असताना पेटीतलं कोण ऐकतंय? आता माणूस नव्हता, आणि पेटी तिसऱ्याच्या पुढे जात नव्हती.

पेटीचा मान मात्र मोठा होता. आजींनी तिच्यावर आणि पडद्याच्या पाठीवर आपली सर्वांत सुंदर तिवाएवाए पांघरली होती. मैत्रिणींनी मिळून शिवलेली, लाल जास्वंदीची फुलं टाचलेली ती रजई, लेकीच्या लग्नातसुद्धा आजींच्या हातून सुटली नव्हती. तिच्यावर माइरेच्या हिरव्या पानांच्या माळा. पाहुणा आला की माळ, निघाला की माळ, अशी आमची रीत. मग घरच्या धन्याला बिनमाळेचं कोण ठेवील?

पहिल्यांदा तुताई काका आले. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे.

"कॉम्प्युटर म्हणजे काय गं वहिनी? समुद्रावर न जाणारं इंजिन," असं म्हणत त्यांनी रजई बाजूला केली, पेटी ओट्यावर आणली आणि तिचं झाकण उघडलं. आत धूळ होती, आणि कोपऱ्यात पालीची अंडी.

"हा बघ गुन्हेगार! पालीने बाळंतपणाची खोली केली होती तुझ्या नवऱ्याची!"

फू फू करून धूळ उडवली. गाणं लावलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं... तिसरं पुरं झालं! आजी धावत आल्या आणि त्यांनी गाणं बंदच करायला लावलं.

"बस! चौथं शनिवारी. सगळ्यांबरोबर, पहिल्यापासून ऐकायचं. एकटीने ऐकलं तर पाप लागेल मला."

तुताई काकांच्या गळ्यात जाड माळ पडली. तेवढीच जाड माळ पेटीवरही पडली, कारण मेहनत तिनेही केली होती. रजई पुन्हा नीट खोचली गेली. संध्याकाळी आजींनी शेजारणींना मोठ्या ऐटीत बोलावलं, आणि तिसऱ्या कडव्यापाशी खट्!

"सुस्वागतम," पेटी म्हणाली.

"अय्या, किती गोड बोलते," एक शेजारीण म्हणाली आणि उठून घरी गेली.

मग आला वीजघरातला मेतुआ. त्याने पेटीकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. "आजी, अख्ख्या बेटाला मी वीज देतो. तुमच्याच पेटीला पचत नाही. तिला माझ्याबरोबर पाठवा."

पेटी वीजघरात गेली. रजई घरीच राहिली, कारण मेतुआच्या गाडीत तेल सांडलेलं असायचं. तिथल्या मोठ्या पंख्यासमोर आजोबा लागोपाठ तीन तीन कडवी गायले. चौथ्याला हात लावायचा नाही, अशी आजींची ताकीद होती. मेतुआ पेटी घेऊन परत आला तो हसतच. "पठ्ठ्या गातोय बघा!" त्याच्या गळ्यात माळ पडली, पेटीवर माळ पडली, रजई खोचली गेली.

खट्.

"वीज कमी पडतेय," मेतुआ हट्टाला पेटला. "घराघरातले फ्रीज ओढतात. शनिवारी गाण्याच्या वेळी वाडीतले सगळे फ्रीज बंद करा. आज एकदा करून बघू."

आजींचा शब्द कोण मोडणार? सगळ्या वाडीने फ्रीज बंद केले. कुणाचे मासे विरघळले, कुणाच्या आइस्क्रीमचं सरबत झालं, तुताई काकांच्या घरी तर समारंभासाठी ठेवलेल्या डुकराच्या मांसाखाली तळं साचलं. एवढा त्याग केल्यावर गाणं लागतंय की नाही हे बघायला सगळेच आले. आणि रिकाम्या हाताने येण्याची पद्धत आमच्यात नाही. जो आला तो माळ घेऊन आला. बघता बघता कॉम्प्युटरच्या जागी एक हिरवी टेकडी झाली आणि तिच्यातून पडदा तेवढा खिडकीसारखा डोकावत राहिला.

या वेळी तर दुसऱ्याच कडव्याला खट् झालं.

या घरात अकाइती नावाची नात होती, नऊ वर्षांची. गाणं लावायचं काम तिचं, अगदी वीजघरातसुद्धा, कारण कुठलं बटण कधी दाबायचं हे आजोबांनी फक्त तिला शिकवलं होतं. शुक्रवारी दुपारी ती शिळ्या माळा काढायला गेली आणि थबकली. माइरे खुडायला ती आजीबरोबर रानात जायची. माइरेचं पान आठवडाभर तजेलदार राहतं, म्हणून तर आमच्या माळा विमानाने परदेशी जातात. पण पेटीच्या पाठीमागची, कालच घातलेली माळ तिच्या बोटांत पापडासारखी चुरली. तिने रजईखाली हात घातला आणि पटकन बाहेर काढला.

"आजी, आजोबांना उकडतंय!"

"काय?"

"पेटी तापलीय. तिला वारा लागत नाही. म्हणून ती बंद पडते. ओट्यावर चालली, वीजघरात चालली, कारण तिथे रजई नव्हती. रजई काढू या ना."

आजींनी तिला समोर उभं केलं. "ऑकलंडची माणसं येणार, पाळक येणार, आणि तुझ्या आजोबांची वस्तू मी उघडीबोडकी ठेवू? लोक म्हणतील, म्हातारा गेला आणि बायको वर्षभरात विसरली. पुन्हा बोलायचं नाही."

अकाइतीने शिळ्या माळा उचलून अंगणात नेल्या.

शनिवारी दगडावरचं कापड निघालं. पाळकबाबांनी प्रार्थना केली. ओट्यावर आणलेल्या टेकडीपुढे सगळे बसले, वाडीतले फ्रीज बंद झाले, आणि अकाइतीने बटण दाबलं. आजोबा गायला लागले. थोरल्या मुलाने खाली मान घातली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं, आणि खट्!

"सुस्वागतम."

कुणीतरी खाकरलं. "राहू दे आई," थोरला हळूच म्हणाला. "एवढं ऐकलं, भरून पावलो."

आजींनी गळ्यातली माळ उगाच चाचपडली. "शेवटपर्यंत गाऊच देणार नाही का रे याला कुणी?" त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की आजीचा असा आवाज अकाइतीने कधी ऐकलाच नव्हता.

ती उठली. दोन्ही हातांनी माळा उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. मग तिवाएवाएचं टोक धरून तिने ती सबंध रजई ओढून काढली. बायकांनी "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवले. आजी अर्ध्या उठल्या. अकाइतीने रजईची घडी केली, आजींच्या मांडीवर ठेवली, एका काकूच्या हातातला विणलेला पंखा घेतला आणि पेटीला वारा घालत उभी राहिली. पुष्कळ वेळ. डाव्या हाताने वारा घालतच तिने उजव्या हाताने बटण दाबलं.

पहिलं. दुसरं. तिसरं. आणि चौथं आलं: होडी कितीही लांब गेली तरी तिचा दोर माझ्या दाराशीच बांधलेला आहे, असं काहीसं. आजोबांनी शेवटचा सूर लांबवला आणि सोडला.

सगळे टाळ्या वाजवणार, एवढ्यात पेटीतून खोकला ऐकू आला. मग आजोबांचा रोजचा, न गाणारा आवाज:

"तेपाएरू! अगं ती रजई लांब ने! चालू आहे अजून. गुदमरतो कॉम्प्युटर तिच्याखाली, कितीदा सांगू तुला? तू पांघरूण घातलंस की हा बंद पडलाच!"

आणि त्यावर आजींचा आवाज, पेटीतूनच: "उघडा बरा दिसतो का? चार माणसं येतात घरात."

"माणसं माझ्याकडे बघतील. याच्याकडे कशाला?"

मग दोघांचं हसणं, आणि संपलं.

सगळ्यांत आधी तुताई काकांना हसू फुटलं, त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला आणि त्यामुळे ते नाकातून आलं. मग थोरला हसला, मग पाळकबाबा. आजी मांडीवरच्या रजईकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली आणि अंगणातल्या नव्या दगडाला उद्देशून त्या कडाडल्या, "गप रे म्हाताऱ्या! पाहुण्यांसमोर रागावतोस!"

त्यांचे गाल ओले झाले होते. ते न पुसताच त्या अकाइतीकडे वळल्या.

"परत लाव."

"गाणं?"

"गाणं नको."

अकाइतीने पंखा खाली ठेवला, पडद्यावरचा बाण हळूहळू ओढत गाणं सगळं ओलांडून खोकल्यापाशी नेला, आणि बटण दाबलं.